एकाच फॉर्मात साठ लॉट: आंब्याच्या पट्टीचे दर एकदम चढवणारी स्क्रीन

वाशीच्या बाजारातून पट्टी (विकलेल्या मालाचा आडत्याकडचा हिशेब) आली की देवगड-रत्नागिरीकडच्या सोसायटीच्या ऑफिसात एकच काम असतं: गाडीत भरून पाठवलेल्या प्रत्येक लॉटसमोर दर लिहायचा. लॉट साठ असले तर साठ वेळा ‘दुरुस्ती’ दाबा, पान उघडा, दर टाका, ‘जतन’ दाबा, पुन्हा यादीवर या. एवढा व्याप करायला लावणारी स्क्रीन ऑपरेटर दोन दिवसांत सोडतो आणि एक्सेलकडे वळतो. त्याला हवी असते ती पट्टीसारखीच दिसणारी यादी, प्रत्येक ओळीत लिहायला जागा आणि खाली एकच ‘जतन करा’.

अशी स्क्रीन पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये कशी बांधायची ते पुढे आहे. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर हीच जोडी सहज मिळते, म्हणून ती धरली. जँगो (पायथनचं) किंवा लारावेल (पीएचपीचं) ही तयार फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. रकान्यांची नावं आणि कोडच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. प्रत्यक्षात त्या नेहमीसारख्या इंग्रजी अक्षरांत लिहा.

आधी ठरवा: काय बदलू द्यायचं

लॉटच्या नोंदीत बागायतदार, मार्का (पेटीवरची त्याची खूण), पेट्या, पेटीतले डझन, रवानगीची तारीख, गाडी असं बरंच काही असतं. पट्टी चढवताना यातलं काहीच बदलायचं नसतं. बदलायच्या गोष्टी चारच: दर, खराब पेट्या, ‘पट्टी आली’ ही खूण आणि शेरा (‘साका निघाला’ म्हणजे गर आतून बिघडलेला, ‘डागी माल’ वगैरे). या चारांनाच लिहायची जागा द्या, बाकीचं साधा मजकूर म्हणून दाखवा. ‘असू दे, कधी लागलं तर’ म्हणून मार्कासुद्धा बदलता येईल असा ठेवला, तर हंगामाच्या गडबडीत तो कधीतरी बदलला जातोच, आणि मग कुणाचा माल कुणाच्या नावावर गेला हे शोधत बसावं लागतं.

टेबलमध्ये तीन गोष्टी आधीच नीट करून ठेवा. दराचा रकाना डेसिमल (१०,२) ठेवा. फ्लोट नको, पैशांच्या बेरजेत तो पैशा-दोन पैशांचा घोळ करतो. दर रिकामा राहू शकला पाहिजे, म्हणजे नल चालला पाहिजे. नल म्हणजे पट्टी यायची आहे. शून्य म्हणजे माल फेकला गेला, पैसे मिळाले नाहीत. बागायतदाराच्या दृष्टीने या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे ‘आवृत्ती’ नावाचा पूर्णांकाचा रकाना, सुरुवातीला १. त्याचं काम पुढे येईल. टेबल साठवणुकीच्या इनोडीबी प्रकारचं आहे ना, तेही बघून घ्या. मायएसक्यूएल ५.५ पासून तोच प्रकार आपोआप मिळतो, पण जुन्या सिस्टीममधून आणलेलं टेबल मायआयसॅम निघू शकतं. मायआयसॅम ट्रॅन्झॅक्शन (अनेक बदल एकत्र: सगळे किंवा एकही नाही) मानत नाही, आणि तसं सांगतही नाही.

फॉर्म: प्रत्येक ओळीच्या गळ्यात तिचा नंबर

या प्रकारच्या फॉर्ममधल्या बहुतेक चुका एका ठिकाणी उगम पावतात. आलेली किंमत कुठल्या नोंदीची, हे ओळींच्या क्रमावरून ठरवलं जातं. तसं कधीच करू नका. रकान्याच्या नावातच नोंदीचा क्रमांक घाला:

लॉट[४१७][दर]
लॉट[४१७][खराब]
लॉट[४१७][पट्टी_आली]
लॉट[४१७][शेरा]
लॉट[४१७][आवृत्ती]

चौकटी कंस दिसले की पीएचपी त्यांचा आपोआप ॲरे करते. फॉर्म पोचल्यावर ‘लॉट’ या नावाखाली ४१७, ४१८, ४१९ अशा चाव्या आणि प्रत्येकीखाली तिच्या किमती मिळतात. यादीचा क्रम बदलला, मधली एखादी ओळ गाळली, तरी ४१७ चा दर ४१७ लाच लागतो.

बरेच जण रिकामे कंस वापरतात: दर[], खराब[], पट्टी_आली[]. आणि मग शून्यावा दर शून्याव्या लॉटला, पहिला पहिल्याला, असं जोडत जातात. टेक्स्टच्या रकान्यांपुरतं हे चालून जातं, म्हणून चाचणीत बरोबर वाटतं. फसतं ते चेकबॉक्सवर, कारण खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. समजा ४१७, ४१८, ४१९ या तीन ओळी आहेत आणि पहिल्या व तिसऱ्या ओळीवर खूण आहे. सर्व्हरला दोनच किमती मिळतात, त्यांना क्रमांक पडतात ० आणि १. परिणामी ४१७ आणि ४१८ ची पट्टी आली असं नोंदलं जातं, ४१९ तशीच राहते. एररही येत नाही.

क्रमांक नावात घातला तरी चेकबॉक्सची एक अडचण उरते. खूण काढली तर ती चावीच येत नाही, मग ‘खूण काढली’ आणि ‘हा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच’ यात फरक कसा करायचा? चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचा एक लपलेला रकाना ठेवा, किंमत शून्य. खूण नसेल तर शून्य पोचतं. असेल तर एकाच नावाच्या दोन किमती येतात आणि पीएचपी नंतरची धरते. क्रम मात्र पाळा: लपलेला आधी, चेकबॉक्स नंतर.

एचटीएमएलमध्ये प्रत्येक ओळीला वेगळा फॉर्म गुंडाळायला जाऊ नका. टेबलाच्या ओळीत फॉर्म टॅग वैध नाही आणि फॉर्मच्या आत फॉर्म तर मुळीच चालत नाही. ब्राउझर आतला टॅग टाकून देतो आणि रकाने भलत्याच फॉर्मला चिकटतात. अख्ख्या टेबलाभोवती एकच फॉर्म. आणखी एक बारकावा: डिसेबल्ड केलेला रकाना पाठवला जात नाही, रीडओन्ली केलेला पाठवला जातो. पट्टी मंजूर झालेल्या ओळी नुसत्या दाखवायच्या असतील तर त्यांना रकाना देऊच नका.

ओळींचा क्रम पट्टीतल्या क्रमासारखा ठेवा, म्हणजे गाडीच्या चलनात लॉट ज्या क्रमाने आहेत तसा. ऑपरेटर एका हातात पट्टी किंवा मोबाइल धरून वरून खाली येत असतो. स्क्रीन अकारविल्हे आणि पट्टी चलनाप्रमाणे असली की प्रत्येक ओळीला शोधाशोध, आणि शोधाशोधीत ओळ चुकते. मार्का दराच्या रकान्याला अगदी खेटून दाखवा. डावीकडे मार्का, मधे पाच रकाने आणि उजवीकडे दर अशी मांडणी केली तर डोळा एका ओळीने खाली घसरतो.

कळफलकावरचे सापळे

दरासाठी नंबर प्रकारचा रकाना वापरावासा वाटतो. नको. एक्सेलची सवय असलेला माणूस दर लिहून खालचा बाण दाबतो, पुढच्या ओळीवर जाण्यासाठी. नंबरच्या रकान्यात त्याच बाणाने किंमत एकाने कमी होते: २,४०० चे २,३९९. एक रुपयाचा फरक कुणाच्या नजरेस येत नाही, हिशेब मात्र जुळत नाही. साधा टेक्स्टचा रकाना घ्या आणि इनपुटमोड डेसिमल द्या, म्हणजे मोबाइलवर अंकांचा कीपॅड उघडतो. खालचा बाण आणि एंटर, दोन्हींना थोड्या जावास्क्रिप्टने ‘त्याच रकान्यात पुढच्या ओळीवर जा’ हे काम द्या.

एंटर सांभाळलाच पाहिजे. टेक्स्टच्या रकान्यात एंटर दाबला की ब्राउझर फॉर्म पाठवतो, आणि पाठवताना फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण दाबलं गेलं असं धरतो. प्रत्येक ओळीत ‘काढा’ असं सबमिट बटण ठेवलं असेल, तर पहिलं बटण म्हणजे पहिल्या ओळीचं ‘काढा’! ऑपरेटर तेराव्या ओळीत दर लिहून एंटर मारतो आणि पहिला लॉट उडतो. ओळीतल्या सगळ्या बटणांचा प्रकार ‘बटण’ असा स्पष्ट लिहा. न लिहिल्यास फॉर्ममधलं बटण सबमिटच मानलं जातं.

मग आकडे. मराठी कीबोर्ड चालू असेल तर ऑपरेटर देवनागरीत १८०० लिहील, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नाही. पीएचपीला मात्र हे अंक अंक म्हणून कळत नाहीत. फ्लोटमध्ये बदलायला सांगितलं तर ती गुपचूप शून्य देते. पायथनचं वागणं इथे चांगलं आहे, त्याचं इंट देवनागरी अंकही नीट वाचतं. स्वल्पविरामाचं दुखणं याहून फसवं. ‘१,८००’ हे इंग्रजी अंकांत लिहिलं तरी पीएचपी स्वल्पविरामापाशी थांबते आणि एक रुपया हातात ठेवते. त्यामुळे तपासणीआधी प्रत्येक आकडा एकाच फंक्शनमधून धुऊन घ्या: कडेच्या मोकळ्या जागा काढा, देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घाला, स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह काढा. उरलेल्यात फक्त अंक, जास्तीत जास्त एक दशांश चिन्ह आणि त्यापुढे दोनपर्यंत अंक असतील तरच तो दर. नाहीतर चूक दाखवा, अंदाज बांधू नका.

रिकामा दर आला तर नल लिहा, शून्य नव्हे. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड (न बसणारी किंमत नाकारणारा) आपोआप चालू असतो, त्यामुळे रिकामी स्ट्रिंग डेसिमलमध्ये घालायला गेलात तर ते एरर देतं, आणि ते बरंच आहे. स्ट्रिक्ट मोड बंद केलेल्या सर्व्हरवर तिथे शून्य बसतं आणि यायच्या असलेल्या सगळ्या पट्ट्या ‘माल फेकला’ म्हणून दिसू लागतात. लारावेल रिकाम्या स्ट्रिंगचं नल आपोआप करतं.

सर्व्हरवर: आलेल्यावर विश्वास नाही

फॉर्म पोचला की लगेच अपडेट सुरू करू नका. आधी आलेल्या चाव्या, म्हणजे लॉटचे क्रमांक, गोळा करा आणि त्या क्रमांकांच्या नोंदी एकाच सिलेक्टने डेटाबेसमधून आणा. त्या सिलेक्टमध्ये ‘ही नोंद याच सोसायटीची आहे’ आणि ‘अजून मंजूर झालेली नाही’ या अटी असल्याच पाहिजेत. ब्राउझरमध्ये कुणीही ४१७ चे ९१७ करू शकतो, त्याला फार अक्कल लागत नाही. पन्नास क्रमांक आले आणि एकोणपन्नास नोंदी सापडल्या तर काम थांबवा.

कोणते रकाने लिहायचे ती चार नावांची यादी कोडमध्ये पक्की ठेवा. आलेल्या ॲरेतल्या चाव्या थेट अपडेटच्या वाक्यात ओतल्या तर ‘पेट्या’ किंवा ‘बागायतदार’ नावाची जास्तीची चावी पाठवून तीही बदलता येते.

आता तपासणी. सगळ्या ओळी तपासा, पहिल्या चुकीवर थांबू नका. खराब पेट्या लॉटमधल्या पेट्यांपेक्षा जास्त नाहीत ना, ‘पट्टी आली’ आहे पण दर रिकामा आहे असं नाही ना. हजार रुपयांच्या आसपासच्या मालात कुणी दहा हजार लिहिले तर अडवू नका, ओळ पिवळी करून ‘नक्की?’ एवढं विचारा. हंगामाच्या पहिल्या पेट्यांना खरोखरच तसे दर मिळतात. चूक असेल तर फॉर्म परत दाखवताना ऑपरेटरने लिहिलेलंच दाखवा, डेटाबेसमधलं जुनं नव्हे. साठ दर लिहिल्यावर एका चुकीपायी बाकीचे एकोणसाठ पुसले गेले, तर दुसऱ्या दिवशी ऑपरेटर एक्सेल उघडतो. चुकीची ओळ लाल, तिच्याच शेजारी कारण, आणि पान उघडताच कर्सर पहिल्या लाल ओळीत.

शेऱ्याच्या लांबीबद्दल एक सूचना. पीएचपीचं साधं स्ट्रलेन बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. मर्यादा १०० ठेवली तर मराठी शेरा तेहेतीस-चौतीस चिन्हांतच ‘फार मोठा’ ठरतो. मल्टिबाइट फंक्शन वापरा. टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ हे अक्षरसंकेतन हवं, नाहीतर शेऱ्याच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

लिहिताना: सगळं किंवा काहीच नाही

तपासणी झाली की जुनी आणि नवी किंमत ताडून पहा आणि खरोखर बदललेल्या ओळीच लिहायला घ्या. साठातल्या पाचच बदलल्या असतील तर पाचच अपडेट. ताडताना काळजी घ्या: डेटाबेसकडून दर ‘२४००.००’ अशी स्ट्रिंग येतो, ऑपरेटरने ‘२४००’ लिहिलेलं असतं. स्ट्रिंग म्हणून तुलना केली तर प्रत्येक ओळ बदललेली वाटते. दोन्हींचे पैसे करून पूर्णांक ताडा, आणि नलची तुलना वेगळी करा.

लिहिण्याचं वाक्य एकदाच प्रिपेअर करा आणि ओळींवर फिरवा:

अपडेट लॉट सेट दर = ?, खराब = ?, पट्टी_आली = ?, शेरा = ?, आवृत्ती = आवृत्ती + १ व्हेअर क्रमांक = ? अँड आवृत्ती = ?

शेवटच्या प्रश्नचिन्हात फॉर्ममधून आलेली आवृत्ती जाते. ही छोटी अट मोठं काम करते. एक ऑपरेटर ४१७ उघडून बसला आहे, तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरून कुणी ४१७ चा दर दुरुस्त केला. आवृत्ती १ ची २ झाली. पहिल्याने जतन केलं की व्हेअरमधली अट जुळत नाही, शून्य ओळी बदलतात आणि तुम्हाला कळतं की मधे कुणीतरी हात लावला. ही अट नसती तर दुसऱ्याची दुरुस्ती पुसली गेली असती, आणि अनेक नोंदींच्या फॉर्ममध्ये हे एका नोंदीच्या फॉर्मपेक्षा जास्त घडतं: ऑपरेटरने ज्या ओळीला हातही लावला नाही, तिचीही जुनी किंमत फॉर्मबरोबर परत येत असते. फक्त बदललेल्या ओळी लिहिणं हा या दुखण्यावरचा अर्धा उपाय आहे. तो खरा व्हायचा असेल तर ‘जुनी’ किंमत म्हणून फॉर्म उघडताना दाखवलेली किंमत धरावी लागते, जतन करतानाची नव्हे. ती लपलेल्या रकान्यात पाठवा, किंवा आवृत्ती न जुळणारी ओळ बदललेली दिसली तरी ती थेट वादातली समजा. दुसरा मार्ग सोपा आहे.

मायएसक्यूएलची एक खोड इथे माहीत हवी. पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या सोयीचं) रोकाउंट साधारणपणे ‘सापडलेल्या’ नव्हे तर ‘खरोखर बदललेल्या’ ओळी मोजतं. आवृत्तीचा रकाना न ठेवता रोकाउंट शून्य म्हणजे घोळ असं धरलंत, तर जुन्याच किमती पुन्हा लिहिल्यावरही शून्य येतं आणि स्क्रीन विनाकारण बोंब मारते. आवृत्ती दरवेळी एकाने वाढते, म्हणून वरच्या वाक्यात तो प्रश्न येत नाही.

हे सगळं एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये. एक जरी ओळ अडली तर रोलबॅक, म्हणजे सगळे बदल मागे. काहींना वाटेल, एकोणसाठ ओळी नीट असतील तर त्या लिहून घ्याव्यात, अडलेली एक बाजूला ठेवावी. पत्ते-फोन नंबरांच्या यादीला ते ठीक आहे. पट्टीला नाही. पट्टी हा एक कागद आहे, तिला एक बेरीज आहे. अर्धवट चढलेली पट्टी कुठल्याच बेरजेशी जुळत नाही आणि उरलेली ओळ राहून जाते. रोलबॅक करा, लिहिलेलं सगळं तसंच परत दाखवा, वादातल्या ओळीत ‘तुम्ही लिहिलं २,४००, मधे कुणी केलं २,२५०’ असं दोन्ही मांडा आणि निवडू द्या. परत दाखवताना त्या ओळीत नवी आवृत्ती भरायला विसरू नका, नाहीतर ऑपरेटर कितीही वेळा जतन करो, तीच तक्रार येत राहील.

अपडेट नेहमी क्रमांकाच्या चढत्या क्रमाने चालवा, स्क्रीनवरचा क्रम काहीही असो. दोन जण एकाच वेळी एकमेकांत गुंतलेल्या ओळी उलटसुलट क्रमाने लिहायला लागले की डेडलॉक होतो (एरर १२१३) आणि मायएसक्यूएल एकाचं ट्रॅन्झॅक्शन मोडतं. चढता क्रम पाळला की हा प्रसंग जवळजवळ येत नाही; आलाच तर पूर्ण ट्रॅन्झॅक्शन एकदा पुन्हा चालवा. १२०५ हा वेगळा एरर आहे, कुलपाची वाट बघून कंटाळल्याचा. मुदत ठरीव ५० सेकंदांची असते. त्यात मायएसक्यूएल तेवढंच वाक्य मागे घेतं, आधीच्या ओळी ट्रॅन्झॅक्शनमध्ये तशाच राहतात. म्हणून एरर कुठलाही असो, रोलबॅक तुम्ही स्वतः सांगा.

‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ या प्रकारचं इन्सर्ट वापरून साठ ओळी एका वाक्यात लिहिण्याचा मोह होतो. क्रमांक चुकला तर ते वाक्य नवाच लॉट जन्माला घालू शकतं, ज्याला ना बागायतदार ना गाडी. साठ अपडेट एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत होतात. इथे वेग वाचवण्यासारखं काही नाही.

त्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये बदलांच्या वहीतही लिहा: लॉट, रकाना, जुनी किंमत, नवी किंमत, कुणी, कधी. बागायतदार ‘परवा २,४०० सांगितले होते’ म्हणत आला की ही वही लागते.

बेरजेचं कुलूप

फॉर्मच्या तळाशी एक जास्तीचा रकाना ठेवा: पट्टीवरची एकूण विक्री, खर्च वजा करण्याआधीची. ऑपरेटर ती पट्टीवरून लिहील. स्क्रीन स्वतःची बेरीज शेजारी दाखवेल. समजा तीन लॉट आहेत: १२ पेट्या २,४०० ने, ८ पेट्या १,९०० ने, ५ पेट्या १,५०० ने. २८,८०० अधिक १५,२०० अधिक ७,५००, म्हणजे ५१,५००. पहिल्या दोन ओळींचे दर अदलाबदल झाले तर स्क्रीनची बेरीज ४९,५०० येते आणि दोन हजारांचा फरक लाल दिसतो. फरक असताना ‘पट्टी आली’ अशी खूण करू देऊ नका. दर तात्पुरते जतन करायला हरकत नाही.

दोन लॉटच्या पेट्या सारख्याच असतील तर मात्र अदलाबदल या बेरजेत दिसत नाही. एकाचे पैसे दुसऱ्याला जातील आणि हिशेब चोख जुळेल. तिथे मार्का दराशेजारी असणं हाच आधार.

मार्चात चालतो, मेमध्ये फसतो

पीएचपीत मॅक्स_इनपुट_व्हार्स नावाची मर्यादा असते, ठरीव १,०००. एका फॉर्ममधून त्याहून जास्त रकाने आले तर पुढचे गाळले जातात. वॉर्निंग सर्व्हरच्या लॉगमध्ये पडते, स्क्रीनवर दिसेलच असं नाही. आपल्या ओळीत सहा रकाने आहेत: दर, खराब, चेकबॉक्स, त्याचा लपलेला जोडीदार, शेरा, आवृत्ती. वरचे दोन-तीन इतर रकाने धरले तर १६६ ओळींपर्यंत ठीक, १६७ वी अर्धवट, त्यापुढच्या गायब. मार्चात दिवसाला चाळीस लॉट असताना फॉर्म उत्तम चालतो. एप्रिल-मेच्या भरात आकडा वाढला की यादीच्या तळाचे दर ‘जतन झाले’ असा हिरवा संदेश येऊनही जतन होत नाहीत.

मर्यादा वाढवता येते, पण स्क्रिप्टमधून नाही. पीएचपीच्या आयएनआय फाइलमध्ये किंवा फोल्डरच्या डॉट-युजर-आयएनआयमध्ये लिहावी लागते. त्याहून भरवशाचे उपाय दोन. एका वेळी एकाच गाडीचे लॉट दाखवा, ते सहसा शंभराच्या आतच असतात. आणि फॉर्मच्या अगदी शेवटी ‘समाप्त’ नावाचा लपलेला रकाना ठेवा, किंमत १. सर्व्हरवर पहिली तपासणी हीच: ‘समाप्त’ पोचला का? नसेल तर फॉर्म वाटेत तुटला आहे, काहीही लिहू नका. जँगोतही अशीच १,००० रकान्यांची ठरीव मर्यादा आहे, पण जँगो गाळत न बसता सरळ विनंती नाकारतं. जँगोच्या फॉर्मसेटमध्ये टेम्प्लेट हाताने लिहिताना मॅनेजमेंट फॉर्म आणि प्रत्येक ओळीचा लपलेला आयडी हे दोन्ही छापायला विसरू नका. आयडी राहिला की ‘हा रकाना आवश्यक आहे’ अशी तक्रार येते आणि कुठला रकाना ते पानावर दिसत नाही.

यादी पानांत विभागली असेल तर ‘पुढचं पान’ दाबताच न जतन केलेलं जातं. बदल झालेला असताना पान सोडायला लागला तर ब्राउझरकडून विचारणा करवा.

वीज, रेंज आणि सेशन

पीएचपीचं सेशन ठरीव १,४४० सेकंदांनी, म्हणजे २४ मिनिटांनी, जुनं समजून साफ केलं जाऊ शकतं. साठ ओळी भरताना मधे दोन बागायतदार येऊन गेले की तेवढा वेळ सहज जातो. मग ‘जतन’ दाबल्यावर लॉगिनचं पान येतं आणि लिहिलेलं सगळं पाण्यात. पान उघडं असेपर्यंत दर पाच मिनिटांनी सर्व्हरला एक छोटी विनंती पाठवून सेशन जागं ठेवा. शिवाय प्रत्येक रकाना सोडताना त्याची किंमत ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये टाका, चावीत गाडीचा क्रमांक घालून. लाइट गेली, रेंज गेली, तरी पान परत उघडल्यावर ‘मघाचं अपुरं काम आहे, भरू का?’ असं विचारता येतं. जतन यशस्वी झालं की ती टिपणं पुसा. आवृत्तीही टिपणात ठेवा. न जुळणाऱ्या ओळींची टिपणं भरू नका.

जतन झाल्यावर पान तिथेच न छापता ३०३ ने (‘दुसऱ्या पानावर जा’ असं सांगणाऱ्या उत्तराने) परत यादीकडे पाठवा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर फॉर्म दुसऱ्यांदा जात नाही. आणि सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची गुप्त खूण) फॉर्ममध्ये एकदाच हवं, ओळीओळीला नको.

‘सगळ्यांना हाच दर’

कॅनिंगच्या मालाला बऱ्याचदा सगळ्या लॉटना एकच दर असतो. त्यासाठी यादीच्या वर एक वेगळी ओळ ठेवा: दर लिहा, ओळी निवडा, ‘निवडलेल्यांना लावा’. हे बटण फक्त स्क्रीनवरचे रकाने भरेल, जतन करणार नाही. ऑपरेटरला भरलेलं दिसलं पाहिजे, मगच त्याने जतन दाबावं. या वरच्या ओळीत दर आणि शेरा असे दोन रकाने असतील तर प्रत्येकाशेजारी ‘हे लावा’ असा चेकबॉक्स द्या. रिकामा शेरा म्हणजे ‘शेऱ्याला हात लावू नका’ की ‘शेरा पुसा’, हे रकान्याकडे बघून कळत नाही.

नवे लॉट याच फॉर्ममधून घालू देऊ नका. द्यायचेच असतील तर त्यांच्या चाव्या ‘नवा१’, ‘नवा२’ अशा ठेवा आणि सर्व्हरवर त्यांचा रस्ता आधीच वेगळा करा. काढून टाकण्यासाठी ओळीत ‘काढा’ चेकबॉक्स आणि शेवटच्या जतनाबरोबरच अंमल. तोपर्यंत ओळ फिकी दिसू द्या.

हाताने करून बघायच्या चाचण्या

दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये एकच गाडी उघडा, एकात ४१७ बदला, दुसऱ्यात ४१८. ‘जुनी’ किंमत लपलेल्या रकान्यात पाठवत असाल तर दोघंही जतन झाले पाहिजेत; सोपा मार्ग घेतला असेल तर दुसऱ्याला ४१७ वादातली दिसेल. मग दोन्हीकडे ४१७ बदला. दुसऱ्याला अडवलं गेलं पाहिजे आणि त्याचे बाकीचे दर जागेवर राहिले पाहिजेत. मधल्याच ओळीची खूण काढून जतन करा आणि नेमकी तीच निघाली का बघा. दर देवनागरीत लिहा, स्वल्पविराम घालून लिहा, रिकामा सोडा, शून्य लिहा. तेराव्या ओळीत एंटर दाबा. २०० ओळींची खोटी गाडी करून शेवटच्या ओळीचा दर बदला आणि तो डेटाबेसमध्ये उतरला का ते स्क्रीनवर नाही, थेट टेबलात बघा. जतन दाबण्याआधी वायफाय बंद करा. लॉगआउट होऊन दुसऱ्या सोसायटीच्या नावाने लॉगिन करा आणि रकान्याच्या नावातला क्रमांक बदलून पहिल्या सोसायटीच्या लॉटचा दर पाठवायचा प्रयत्न करा.